हिंगोली, व्हाया मेलबर्न

मावसबहिणीनं मला मेलबर्न फिरवलं आणि बदल्यात हिंगोली मागितली. अडीच दिवस, एक भाड्याची जीप आणि “आमच्याकडे काही नाही गं” या पेटंट वाक्याची झालेली पंचाईत!

“मूळची कुठली तू?”

पुण्यात नव्या माणसाशी ओळख झाली की पाचव्या मिनिटाला हा प्रश्न येतो. गेली नऊ वर्षं माझं उत्तर ठरलेलं आहे, “नांदेडजवळची.” खोटं नाही ते. नांदेड खरंच जवळ आहे. पण मी नांदेडची नाही, हिंगोलीची आहे. हिंगोली म्हटलं की समोरच्याचा चेहरा कोरा होतो. “म्हणजे हिंगणघाट?” “विदर्भात ना?” मग १ मे १९९९ला परभणीतून वेगळा झालेला जिल्हा, पाच तालुके, मराठवाडा वगैरे सगळं समजावून सांगायचं. तोवर कॉफी गार! त्यापेक्षा नांदेड बरं. गुरुद्वारा सगळ्यांना माहीत असतो.

तुमच्यापैकी कितीजण असं करतात, हात वर करा. वाशीमवाले “अकोल्याजवळ” म्हणतात, बुलडाणावाले “शेगावजवळ”. आपापल्या गावाला शेजारच्या गावाच्या आडोशाला उभं करायची सवय आपल्याला लागून गेलीय.

माझी ही सवय मोडली ती मेलबर्नहून आलेल्या एका पाहुणीनं.

मेलबर्नचे चार फंडे

दोन वर्षांपूर्वी मी तीन आठवडे मेलबर्नला मावशीकडे होते. मावशी आणि काका २००१ मध्ये तिकडे गेले, तेव्हा माझी मावसबहीण पाळण्यात होती. आता तीच माझी गाइड होती. पन्नास लाखांहून मोठं शहर, पण बाईंनी मला ते असं दाखवलं की तिसऱ्या दिवशी मी एकटी ट्रामनं हिंडत होते. तिचे चार फंडे होते. तुम्ही कधी तिकडे गेलात तर उपयोगी पडतील, म्हणून सांगते.

फंडा एक : पहिल्या दिवशी तिकीट काढून काहीही पाहायचं नाही. नुसतं चालायचं आणि पाट्या वाचायच्या. मेलबर्नचा मध्यभाग म्हणजे रॉबर्ट हॉडल या सर्व्हेअरनं १८३७ मध्ये आखलेली चौकट. सरळ, रुंद रस्ते आणि त्यांच्या मागे दडलेल्या बारक्या गल्ल्या. होझियर लेनच्या भिंती चित्रांनी भरलेल्या, तर डिग्रेव्हज स्ट्रीटवर कॅफेची टेबलं थेट रस्त्यात. पाय दुखले की ट्राम. मध्यवर्ती भागात ती २०१५ पासून फुकट आहे. पण फुकटचा टापू संपण्याआधी उतरा, नाहीतर ‘मायकी’ कार्ड टॅप करा. दंड डॉलरमध्ये असतो, बरं का!

फंडा दोन : बाजार सकाळी गाठायचा. क्वीन व्हिक्टोरिया मार्केट १८७८ पासून भरतंय. सोमवारी आणि बुधवारी बंद असतं, बाकी दिवशी लवकर जा. मासळीवाल्यांच्या आरोळ्या ऐकताना मला आमचा मोंढाच आठवला होता.

फंडा तीन : गाव ज्याच्यावर जगतं ते चाखून पाहायचं. मेलबर्नकरांचा जीव कॉफीत. पण आमच्या बाईसाहेबांनी मला आवर्जून पाजलं ते ‘टर्मरिक लाटे’! २०१६च्या सुमारास मेलबर्नच्या कॅफेंमध्ये याची जोरदार फॅशन आली होती. पिवळाधमक फेसाळ कप, वर दालचिनीची भुकटी. मी एक घोट घेतला आणि म्हटलं, “अगं, हे तर आजीचं हळदीचं दूध! हे प्यावं लागू नये म्हणून मी लहानपणी पलंगाखाली लपायचे.”

फंडा चार : एक दिवस शहराबाहेर जायचं. आम्ही ग्रेट ओशन रोडला गेलो. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कडे खोदून बांधलेला हा समुद्राकाठचा रस्ता. नुसतं “वॉव” म्हणण्याआधी तिनं मला तो कुणी खोदला हे सांगितलं, म्हणून तो लक्षात राहिला.

यंदा तिचा फोन आला. “ताई, मार्चमध्ये येतेय. मला हिंगोली दाखव.”

“हिंगोलीत काही नाही गं. अजिंठा-वेरूळ करू या मस्तपैकी.”

“पण तू तर हिंगोलीची आहेस ना?”

काय बोलणार? ती लहान असताना एका मुंजीला सहा तास हिंगोलीत होती, तेवढीच तिची ओळख. मी घरी कळवलं तर आईचंही तेच. “काय दाखवायलीस बाई तिला? इथं काय आहे पाहायला?” म्हटलं, ठीक आहे. तिचेच चार फंडे हिंगोलीला लावून पाहू.

दिवस पहिला : पलटण, रिसाला, तोफखाना

स्टेशनपासूनच सुरुवात करा, कारण पहिली गंमत तिथेच आहे. फलाटावरच्या पाटीवर नुसतं ‘हिंगोली’ नाही, ‘हिंगोली डेक्कन’ असं लिहिलंय. दख्खन! माझं बालपण या पाटीखालून गेलं आणि मी कधी थबकले नाही. बहीण मात्र फोटो काढत बसली. “सो सिनेमॅटिक!” म्हणे. पूर्णा-अकोला मार्गावर माझ्या शाळेच्या दिवसांत छोटी मीटरगेज गाडी धावायची. २००८ मध्ये ब्रॉडगेज आली आणि गाव बाकीच्या देशाशी नीट जोडलं गेलं.

मग चालायचं आणि पाट्या वाचायच्या. पलटण. रिसाला. तोफखाना. सदर बाजार. पेन्शनपुरा. मोहल्ल्यांची ही नावं आम्ही पत्त्यात लिहितो आणि विसरून जातो. बहिणीनं प्रत्येक नावाचा अर्थ विचारला, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पलटण म्हणजे पायदळ, रिसाला म्हणजे घोडदळ, तोफखाना म्हणजे तोफा. सदर बाजार हा छावणीचा बाजार आणि पेन्शनपुऱ्यात निवृत्त शिपाई. अख्खं गाव म्हणजे एका फौजेचा नकाशा! हिंगोली निजामाच्या राज्यातलं मोठं लष्करी ठाणं होतं. ‘हैदराबाद कन्टिंजंट’ नावाची, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज इथं राहायची. हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. देश १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झाला, पण आम्ही १७ सप्टेंबर १९४८पर्यंत थांबलो. म्हणून मराठवाड्यात झेंडावंदन एक जास्तीचं असतं. “म्हणजे दोन सुट्ट्या?” बहिणीचा प्रश्न. शाळेत असताना आम्हालाही त्यातलं तेवढंच कळायचं.

सदर बाजारात चहा घेताना तिला मी ठगाची गोष्ट सांगितली. तुम्हीही तिथेच उभं राहून एकमेकांना सांगा, जास्त रंगते. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. त्यानं १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिली आणि ती लंडनमध्ये गाजली. तिच्या प्रस्तावनेत चक्क हिंगोली आहे. तो सांगतो, या भागातल्या ठगांचा म्होरक्या हरिसिंग हा हिंगोलीतला एक प्रतिष्ठित व्यापारी होता. स्वतः टेलरचेही त्याच्याशी व्यवहार झालेले. एकदा या हरिसिंगानं मुंबईहून कापड आणायचं म्हणून साहेबाकडून रीतसर परवाना घेतला. मग तेच कापड घेऊन येणाऱ्या दुसऱ्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या माणसांना वाटेत मारलं, माल परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघड उघड विकला! पकडल्यावर त्यानं स्वतःच हे सांगितलं, तेही मोठी गंमत केल्यासारखं. बहिणीनं चहाचा कप खाली ठेवला आणि आजूबाजूच्या कापड दुकानांकडे जरा संशयानं पाहिलं.

ऑक्टोबरमध्ये आलात तर हिंगोलीचा दसरा चुकवू नका. रामलीला, जत्रा आणि रावणदहन, दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा. “म्हैसूरनंतर आमचाच!” असं हिंगोलीकर छाती काढून सांगतात. त्यावर वाद घालू नका. पाहुणे आहात तुम्ही.

दिवस दुसरा : सकाळी मोंढा, दुपारी नामदेव

फंडा दोन. बाजार. बाबांना विचारलं, “हळदीचा मोंढा दाखवाल का हिला?” तर ते पहाटेच इस्त्रीचा सदरा घालून तयार.

हिंगोलीचं संत नामदेव मार्केट यार्ड म्हणजे हळदीचा मोठा बाजार. मार्च ते मे या दिवसांत नव्या हळदीची आवक असते. शेडमध्ये पाय ठेवला की आधी वास येतो. मातीचा, थोडा तिखट, थोडा कापरासारखा. मग दिसतात ते ढीग. व्यापारी ढिगातून एक हळकुंड उचलतो, कटकन मोडतो आणि आतला रंग पाहतो. तेवढ्या एका मोडण्यावर शेतकऱ्याच्या वर्षाचा भाव ठरतो. बाबांनी बहिणीच्या हातात दोन तुकडे ठेवले. “ही कांडी, हा गट्टू. कांडीला भाव जास्त. आता मोडून बघ.” तिला मोडेना. हमाल हसले. बाबांनी मोडून दाखवलं, आतून केशरी-पिवळं. “वसमतकडचं आहे,” ते नुसत्या रंगावरून म्हणाले.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. हापूसला, पैठणीला आहे तसंच. बहिणीनं डोळे मोठे केले. “मग आपण डिग्रेव्हज स्ट्रीटवर सहा डॉलरला प्यायलो, ते हेच?” हेच होतं की नाही, देव जाणे. पण बाबांना हा हिशेब कळल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “एका कपात किती घालतात म्हणली?” ती म्हणाली, “अर्धा चमचा असेल काका.” बाबांनी शेजारच्या आडत्याला बोलावून पुन्हा सगळं सांगायला लावलं.

पोटात भूक असेल तर मोंढ्याबाहेर पोहे आणि मिरचीभजी आहेतच. पण खरं जेवण घरचं. बाजरी-ज्वारीचे धपाटे आणि घट्ट दही, अंबाडीची भाजी, शेंगदाणे घालून केलेला ठेचा, येसराची आमटी. पाहुणी म्हणून मिळतं ते सगळं खा. “नको” म्हटलं तर दुप्पट वाढतात.

दुपारनंतर नरसीला जा. हिंगोलीपासून वीस किलोमीटरच्या आत, कयाधू नदीच्या काठचं छोटं गाव. परंपरेनुसार संत नामदेवांचा जन्म इथं १२७० मध्ये झाला. देवळात गेलो, तर समोर पगडीधारी मंडळींचा मोठा ग्रुप! नांदेडला हुजूर साहिबचं दर्शन घेऊन पंजाबातले भाविक इकडे येतात. कारण आपले नामदेव त्यांचे ‘भगत नामदेव’ आहेत. गुरु ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदं आहेत. नामदेव आयुष्याचा मोठा काळ पंजाबात राहिले असं मानतात. तिथल्या घुमान गावात त्यांचं स्मारक आहे आणि २०१५चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला झालं होतं.

एका पंजाबी आजींनी बहिणीला विचारलं, “कुठून आलीस बेटा?” ती म्हणाली, “मेलबर्न.” मग आजींनी मला विचारलं. मी सवयीनं तोंड उघडलं, “नांदेडज...” आणि थांबले. आजी दोन दिवसांचा प्रवास करून माझ्या गावापासून वीस किलोमीटरवर आल्या होत्या. “यहीं की हूँ,” मी म्हटलं. आजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, मोठ्या भाग्याची आहेस. खरं सांगू? नरसीला मी त्याआधी शाळेच्या सहलीत एकदाच आले होते.

दिवस तिसरा : औंढा आणि ‘काही नसण्या’ची किंमत

पहाटे निघा. हिंगोलीहून औंढा नागनाथ पंचवीसेक किलोमीटर. बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवं म्हणून आम्ही याला मानतो. गुजरातमध्ये द्वारकेजवळच्या नागेश्वराचा आणि उत्तराखंडातल्या जागेश्वराचाही तोच दावा आहे. त्या वादात पडू नका, देऊळ पाहा. खालचा दगडी भाग यादवकाळातला, हेमाडपंती. बाहेरून एक चक्कर मारायला किमान अर्धा तास ठेवा. हत्ती, देवता, नर्तकी, ओळीमागून ओळी कोरल्यात. वरचा भाग नंतरचा, तो फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. पिंड तळघरात आहे. अरुंद पायऱ्या उतरून, वाकून, जवळजवळ बसून आत जावं लागतं. गुडघ्याचा किंवा बंदिस्त जागेचा त्रास असेल तर बाहेरूनच हात जोडा.

इथली गोष्ट सगळ्यांना आवडते. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना हटकलं आणि मागे जाऊन गा म्हणून सांगितलं. ते मागे गेले, तर देऊळच त्यांच्याकडे वळलं. म्हणून नंदी इथं देवळाच्या मागे आहे, असं सांगतात. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले तेही इथंच.

देवळातून बाहेर पडल्यावर बहीण म्हणाली, “आता लायगो.”

मी चाट. तिला कसं माहीत? तर ती शिकली मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठात आणि गुरुत्वीय लहरींवर काम करणाऱ्या ‘ओझग्रॅव्ह’ या ऑस्ट्रेलियन केंद्राचं मुख्यालय तिथेच. तिथे शिकणाऱ्या एका मित्रानं तिला नकाशावर भारतातला ठिपका दाखवला होता. “ताई, तो ठिपका म्हणजे हिंगोली होती. मी त्याला म्हटलं, माझी मावशी राहते तिथं!”

थोडक्यात सांगते. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात तरंग उठतो. तो पृथ्वीवर सर्वप्रथम टिपला गेला १४ सप्टेंबर २०१५ला, अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांत. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. त्यांच्यातून लेझर किरण जाऊन आरशांवरून परत येतात. तरंग आला की अंतरात फरक पडतो, तोही प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका. तरंग आकाशात नेमका कुठून आला हे ठरवायला जगात दूर दूर अशा वेधशाळा लागतात. त्यातली एक भारतात होतेय, औंढ्याजवळ दुधाळा गावाच्या परिसरात. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ची. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटींचा प्रकल्प मंजूर केला. २०३०च्या सुमारास ती सुरू व्हावी असं उद्दिष्ट आहे. पुण्यातली आपली ‘आयुका’ त्यात आहे. रोज तिच्यावरून जाता की नाही?

आणि इतका मोठा देश सोडून हिंगोलीच का? कारण अशा यंत्राला शांत जमीन लागते. दूरवरच्या ट्रकची थरथर, रेल्वेची घरघर, कारखान्यांचा धडधडाट, हे सगळं त्याच्या कानात बोंबलतं. शास्त्रज्ञ देशभर जागा पाहत हिंडले, त्यांना हवी होती अशी जागा, जिथं फारसं काही हलत नाही. मला हसूच आलं. आम्ही जे “आमच्याकडे काही नाही” म्हणून लाजत सांगतो, तेच ते शोधत होते!

आता खरं ते सांगायलाच हवं. जमीन अगदी गप्प आहे असंही नाही. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोलीत साडेचारच्या आसपासचे धक्के बसले. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या बाजूला तर जमिनीतून येणाऱ्या आवाजांची चर्चा कित्येक वर्षं आहे. त्या सकाळी आई भांडी सावरत अंगणात आली होती. मला हे सगळं फोनवर कळलं आणि मी मीटिंगमध्ये परत गेले.

प्रकल्पात आत फिरायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. आम्ही रस्त्याच्या कडेला जीप थांबवली. माळरान, बाभळी, वारा. बहीण पाच मिनिटं काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “इट्स सो क्वाएट, ताई.”

आमचं शेत

तिथून आम्ही वसमत तालुक्यात आमच्या शेतावर गेलो. सिद्धेश्वर आणि येलदरी धरणांच्या कालव्याचं पाणी या बाजूला फिरतं, म्हणून इथं हळद. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर एखाद्या शेतकऱ्याला विचारून हळद शिजवताना नक्की पाहा. जमिनीतून काढलेले कंद मोठ्या लोखंडी कुकरमध्ये वाफेवर शिजवतात, मग पंधराएक दिवस उन्हात वाळवतात आणि शेवटी फिरत्या ड्रममध्ये घासून पॉलिश करतात. तेव्हा कुठे ती दुकानातल्यासारखी दिसते. वाफेनं सगळं रान पिवळं झाल्याचा भास होतो.

बहीण बाबांच्या मागे मागे. “लावतात कधी, काका?” “मे-जूनमध्ये.” “आणि काढतात?” “नऊ महिने लागतात. लेकरासारखं.” “मग पुढच्या वर्षी मी लावायला येऊ?”

बाबा वाळत घातलेल्या हळदीवरून हात फिरवत म्हणाले, “पुढच्या साली हळद नाही बेटा. रान बटईनं द्यायलोय. तो सोयाबीन घेतो म्हणला.”

मी तिथेच उभी. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. काढणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, बाबांचे गुडघे बोलायला लागलेत आणि भाऊ हैदराबादला. ही सगळी कारणं मला त्या दिवशी कळली, कारण एका पाहुणीनं साधा प्रश्न विचारला. मी नऊ वर्षं दर रविवारी फोनवर विचारत होते, “काय म्हणता, बरे आहात ना?” आणि ते म्हणत होते, “बरं आहे.”

“मला सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“सांगणार होतो. फोनवर असली गोष्ट निघत नाही.”

परत येताना जीपमध्ये कोणीच फारसं बोललं नाही. रात्री धपाटे खाताना बाबांनीच विषय काढला. सगळं रान द्यायचं नाही म्हणाले. एक एकर ठेवतो, घरच्यापुरती हळद होईल, पण लागवडीला माणूस लागेल. मी म्हटलं, मी येते. आई हसली. “तू? तुला पलंगाखालून ओढून काढून हळदीचं दूध पाजावं लागायचं.”

नोकरीधंदा सोडून मी शेतकरी होणार नाहीये, गैरसमज नको. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी एकही असाइनमेंट घेतलेली नाही, एवढंच. बहिणीनं मेलबर्नहून बजावलंय, व्हिडिओ कॉल लावायचा.

खिशात ठेवा!

कसं जाल? मुंबईहून जनशताब्दी मार्च २०२४ पासून हिंगोलीपर्यंत येते. पुण्याहून रात्रभराच्या बसेस आहेत. विमानानं यायचं तर नांदेड, तिथून रस्त्यानं दोनेक तास. वेळापत्रक निघण्याआधी तपासा.

कधी जाल? हवा हवी असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी. हळद पाहायची तर फेब्रुवारी-मार्च, पण टोपी आणि पाण्याची बाटली सोडू नका. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी औंढ्याला तोबा गर्दी असते, ती आवडत असेल तरच.

राहाल कुठं? शहरात साधी लॉज आहेत. पंचतारांकित अपेक्षा पुण्यातच ठेवून या. कोणी ओळखीचं असेल तर घरीच उतरा, नाहीतर रुसवा होतो.

फिराल कसं? एसटीनं औंढा, वसमत, नरसी सगळं होतं. वेळ कमी असेल तर दिवसाच्या बोलीवर गाडी ठरवा आणि पैसे आधी बोलून घ्या.

काय आणाल? हळकुंडं, अख्खी. एक मोडून आतला रंग बघा, मगच पिशवीत टाका. मोडता आलं नाही तर शेजारी उभ्या असलेल्या काकांना सांगा. ते मोडून देतील आणि कुठल्या गावची आहे तेही सांगतील.